गार झाल्यावर सुरू होते, की थांबल्यावर? केळीच्या एका पिकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

यावल तालुक्यातल्या एका केळी बागाईतदाराची ही गाडी. २०१८ सालची, बीएस-४ प्रदूषण मानकाची, कॉमन रेल डिझेल इंजिनाची पिकअप. कॉमन रेल म्हणजे पंप एका जाड नळीत, रेलमध्ये, दाबाखाली डिझेल भरतो आणि सगळ्या नोजलांना ते तिथूनच मिळतं. मालकाला गावात सगळे आबा म्हणतात, मीही इथे तेवढंच म्हणतो. चालक पंचविशीतला पोरगा, चोपड्याकडचा, अहिराणी बोलणारा. गाडीचं काम ठरलेलं. सकाळी बागेतून कापलेले घड शेडवर आणायचे, आणि माल भरून झाला की दुपारी चोपड्यामार्गे पुढच्या व्यापाऱ्याकडे लांबची फेरी मारायची.

माझं गॅरेज बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गालगत आहे. डिझेल गाड्यांचं काम मी वीसेक वर्षं करतोय, त्यातली गेली दहा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, हातात घेऊन. हे प्रकरण लिहून ठेवण्याचं कारण म्हणजे यात एक चुकीचा निर्णय माझाही होता, आणि तो कुठे चुकला हे मला आता नेमकं सांगता येतं.

अडचण

एप्रिलच्या शेवटी आबांचा फोन आला. "भाऊ, गाडी चालता चालता एकदम बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण धरत नाही. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की जशी काही झालंच नाही अशी चालू होते."

हे दोन महिन्यांत पाच वेळा झालं होतं. पाचही वेळा गाडीत माल होता. भर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतल्या हिरव्या केळीचं काय होतं, ते या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. एका खेपेला व्यापाऱ्याने भाव पाडून घेतला, दुसऱ्या खेपेला दुसरी गाडी बोलावून रस्त्यावरच माल तिच्यात भरावा लागला. घडांना मार लागला तो वेगळाच. चालकावरचा विश्वासही उडत चालला होता. पोरगा गाडी नीट चालवत नाही, रेस जास्त करतो, असं घरात बोललं जायचं.

माझ्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी काम झालं होतं. एका गॅरेजात डिझेल फिल्टर बदलला आणि एअर काढली. दुसरीकडे बॅटरीची टर्मिनलं साफ केली, मुख्य रिले बदलला आणि स्कॅनर लावून कोड पुसले. कोड कोणते होते, ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

गाडी माझ्याकडे आली तेव्हा व्यवस्थित चालत होती. या दुखण्याची खरी गोम हीच. गॅरेजात गाडी ठणठणीत, रस्त्यावर मेलेली. स्कॅनरमध्ये एकही कोड नव्हता, फिल्टर नवा होता, बॅटरीही चांगली होती.

मग मी लक्षणांवरून विचार केला. एकदम बंद पडते. इंजिन फिरतं पण धरत नाही. गार झाल्यावर चालू होते. त्यात एप्रिल-मे, आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर. ही तीन लक्षणं एकत्र आली की कुठल्याही मेकॅनिकच्या तोंडी पहिलं नाव येतं क्रँक सेन्सरचं. हा सेन्सर इंजिन फिरतंय का आणि कुठल्या कोनात आहे, ते कॉम्प्युटरला कळवतो. त्याच्या आतली तारेची गुंडाळी तापली की कधी कधी आतून तुटते आणि गार झाली की पुन्हा जुळते. सिग्नल गेला की कॉम्प्युटर इंजिनात डिझेल फवारणारी नोजलं उघडणं थांबवतो, आणि गाडी किल्ली फिरवल्यासारखी बंद पडते.

मी सेन्सर बदलला. जुना तपासून पाहिला नाही. आबांना सांगितलं, "चालवून बघा."

सहा दिवस गाडी छान चालली. सातव्या दिवशी किनगावच्या पुढे पुन्हा बंद पडली.

सहा दिवस का चालली, याचं उत्तर नंतर मिळालं. भाव उतरल्यामुळे त्या आठवड्यात आबांनी लांबच्या फेऱ्या थांबवल्या होत्या. गाडी फक्त बाग ते शेड अशा दोन-तीन किलोमीटरच्या खेपा मारत होती. म्हणजे सेन्सरने काही बरं केलं नव्हतं, गाडीला बंद पडायची संधीच मिळाली नव्हती. "बदलल्यावर चालली, म्हणजे तोच दोष होता" हा निष्कर्ष मी सहा दिवस मनात धरून होतो. गाडी त्या दिवसांत काय काम करत होती, हे विचारलं असतं तर तो पहिल्याच दिवशी सुटला असता.

चालकाशी बोलणं

या वेळी आबांना म्हटलं, पोराला एकट्याला माझ्याकडे पाठवा. त्याला चहा दिला आणि एकच सांगितलं: बंद पडायच्या आधीच्या एका मिनिटात काय होतं, ते सांग.

तो म्हणाला, "भाऊ, एकदम नई बंद पडत. आधी दम सोडी राहिनी. दोन-तीनदा झटका देते, अॅक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही, मग बंद."

इथे सगळं फिरलं. आबा गाडीत कधीच नसायचे. त्यांच्यापर्यंत फोन यायचा तो "गाडी बंद पडली" एवढाच, आणि तेच "एकदम बंद पडते" होऊन माझ्यापर्यंत पोहोचलं होतं. सिग्नल तुटला तर इंजिन बहुधा एका क्षणात जातं. दम सोडत, झटके देत जाणारं इंजिन डिझेलसाठी तडफडत असतं. हा नियम शंभर टक्के पाळला जातो असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा हे त्यावरून ठरतं.

मी त्याला एक वही दिली. प्रत्येक वेळी लिहायचं: किती वाजता, न थांबता किती चालली होती, माल किती, डिझेलचा काटा कुठे, कशी बंद पडली, किती वेळाने चालू झाली. आधीच्या पाच-सहा वेळांचंही आठवेल तसं लिहायला लावलं. त्यात एक नोंद निघाली जी कुणी कधी मला सांगितली नव्हती. मार्चमध्ये एकदा पहाटे पाचला, थंडगार हवेत, रिकाम्या गाडीने परत येताना ती बंद पडली होती. अर्ध्या तासाने चालू झाली आणि तो घरी आला. माल नव्हता, नुकसान नव्हतं, म्हणून त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं.

पहाटे पाचला उष्णतेचा सेन्सर-दोष दिसणं अवघड. वही वाचत गेलो तसं लक्षात आलं, की दुपार आणि ऊन हे कारणच नव्हतं. लांबची फेरी दुपारी असायची, एवढाच त्यांचा संबंध. प्रत्येक वेळी गाडी वीस मिनिटांहून जास्त सलग, वेगात चाललेली होती, आणि डिझेलचा काटा अर्ध्याच्या खाली होता. तेव्हा मी स्वतःला तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: ही गाडी गार झाल्यावर सुरू होते, की नुसती थांबल्यावर? अर्धा तास उभी राहिली की या दोन्ही गोष्टी एकदमच होतात, म्हणून त्या एकच वाटतात.

समोरचे पर्याय

किनगावच्या पुढे बंद पडल्यावर आबांनी घाईत गाडी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली होती. तिथे कोड मिळाला होता, पी-०८७. पूर्ण लिहायचा तर पी-००८७, म्हणजे रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी. त्यांनी हाय प्रेशर पंप बदलायला सांगितलं, खर्च चाळीस हजारांच्या घरात. आबा तयारही झाले होते. "एकदाचं मिटू दे," म्हणाले.

पंपाचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. झिजलेला पंप किंवा रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, जास्त डिझेल सोडणारी नोजलं असली, तर गरम, पातळ झालेल्या डिझेलवर दाब तयार होत नाही आणि गार झाल्यावर होतो. पण कोड फक्त दाब कमी आहे एवढंच सांगतो. पंप दाब देत नाही, की पंपापर्यंत डिझेलच येत नाही, हे तो सांगत नाही. विहिरीत पाणी नसलं तरी मोटार पाणी देत नाही, म्हणून कुणी मोटार बदलत नाही.

माझ्यापुढे चार वाटा होत्या. पंप बदलणं: महाग, आणि दोष दुसरीकडे असला तर आबा बुडाले. पंप आणि नोजलं काढून टेस्ट बेंचवर, म्हणजे सुटे भाग तपासायच्या यंत्रावर, पाठवणं: पक्कं उत्तर मिळालं असतं, पण गाडी आठवडाभर अडकली असती, तीही कापणीच्या दिवसांत. टाकी उतरवून बघणं: स्वस्त, पण नुसत्या अंदाजावर, आणि काही सापडलं नाही तर पुन्हा तिथेच. चौथी वाट म्हणजे गाडी मुद्दाम बंद पाडायची आणि मेलेल्या अवस्थेत तपासायची.

मी चौथी निवडली. आबांना ती पटवायला वेळ लागला. केळी भरायची नाही, मुरमाच्या गोण्या भरायच्या, आणि डिझेल जाळत चोपड्याकडे जायचं, हे त्यांना उगाच वाटत होतं. मी म्हटलं, "आबा, एक दिवस द्या. सापडलं नाही तर डिझेल माझं."

रस्त्यावरचे वीस मिनिट

सोबत घेतलं ते असं: स्कॅनर, मल्टिमीटर, पाच लिटरचा स्वच्छ कॅन आणि त्यात डिझेल, पारदर्शक पाइपाचे दोन तुकडे, क्लिपा, पायपंप. काटा मुद्दाम पाव टाकीवर ठेवला. चालक पोरगाच, मी शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन. यावल सोडलं, किनगाव गेलं, उजवीकडे सातपुडा, रस्ता मोकळा. गाडी कुठेही थांबवायची नाही असं ठरलं होतं.

अडावदच्या अलीकडे पहिला झटका बसला. स्कॅनरवर मागितलेला दाब ९०० बारच्या आसपास होता आणि मिळणारा घसरत ३५० वर आला. दुसरा झटका, मग इंजिन गेलं. गाडी कडेला घेतली. पोराचा हात लगेच किल्लीकडे गेला. तो हात मी धरला. सतत सेल्फ मारत बसलं की बॅटरी उतरते, स्टार्टर तापतो आणि खूणही पुसली जाते.

एकदाच, आठ सेकंद सेल्फ मारायला सांगितलं. स्कॅनरवर इंजिनाचा वेग मिनिटाला २२० फेऱ्यांच्या आसपास दिसला. म्हणजे क्रँक सेन्सर जिवंत. तो मेलेला असता तर इथे शून्य दिसलं असतं. ज्यांच्याकडे स्कॅनर नाही, त्यांनी सेल्फ मारताना मीटरवरच्या आरपीएमच्या काट्याकडे बघावं. बऱ्याच गाड्यांत तो जरासा हलतो. अजिबात हलला नाही तर सेन्सरचा संशय बळावतो. रेलमधला दाब मात्र ८० बारच्या वर जाईना. साधारण २०० बारच्या आसपास गेल्याशिवाय असं इंजिन धरत नाही.

पोरगा म्हणाला, नोजलचं नट ढिलं करून डिझेल येतंय का बघू. जुन्या डिझेल इंजिनांवर आम्ही सगळे तेच करत आलो. कॉमन रेलवर ते कधीही करू नये. चालू इंजिनात तिथे हजार बारच्या वर दाब जातो, आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत शिरवते. जखम टाचणीएवढी दिसते, पण वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही जातो. हे त्याला तिथेच, बोनेट उघडं ठेवून, दोनदा सांगितलं.

मग फिल्टरजवळचा रबरी हातपंप दाबला. या गाडीत टाकीत विजेचा पंप नाही. इंजिनावरचा पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो. हातपंप दाबून सोडला की तो फुगून मूळ आकारात यायला हवा. तो चपटाच राहिला. पिळलेल्या लिंबासारखा.

मला हवं होतं ते उत्तर इथे मिळालं. ओढण्याच्या वाटेवर हवा शिरत असती तर हातपंप फुगला असता, पण कितीही दाबला तरी कडक झाला नसता. चपटा राहतो म्हणजे मागून काही येतच नाही, टाकीकडची वाट बंद आहे. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, म्हणजे हवेचं छिद्र तुंबलं असेल तर सुटेल. हातपंप तसाच. तेव्हा फिल्टरकडे येणारा पाइप काढून पारदर्शक पाइपाने कॅनला जोडला, रिटर्नही कॅनमध्येच सोडला. हातपंप दहा-बारा वेळा मारल्यावर कडक झाला. दुसऱ्या सेल्फला इंजिन धरलं. गरमच होतं, उन्हात उभं होतं, बंद पडून पंधरा मिनिटंही झाली नव्हती. वीस मिनिटं मी ते कॅनवर, मधूनमधून रेस करत, चालवलं. दाब एकदाही पडला नाही.

पंप चांगला होता. नोजलं चांगली होती. दोष टाकीत होता. पायपंपाने टाकीच्या पाइपात उलटी हवा मारली, आत गुडगुड झाली, आणि पाइप परत जोडल्यावर हातपंप पहिल्यासारखा फुगू लागला. गाडी स्वतःच्या टाकीवर घरी आली.

काय सापडलं

दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. तळाशी थोडा गाळ होता, आणि काळ्या कॅरीबॅगचा तळहाताएवढा तुकडा. त्या तुकड्यावर गोल वळ उमटलेला होता, बाटलीच्या झाकणाएवढा नाही, कॅनच्या झाकणाएवढा.

पोराने तो पाहिला आणि लगेच ओळखला. बागेतल्या डिझेल इंजिनासाठी ३५ लिटरच्या कॅनमधून डिझेल आणतात. कॅन आडवा झाला की झाकणातून गळतो, म्हणून झाकणाखाली पिशवीचा तुकडा घालून घट्ट बसवतात. आपल्याकडे घरोघरी ही पद्धत आहे. फेब्रुवारीत एकदा शिवारात गाडीचं डिझेल संपत आलं होतं, तेव्हा त्या कॅनमधून दहा लिटर अर्ध्या कापलेल्या बाटलीने टाकीत ओतलं होतं. टाकीच्या तोंडातली जाळी कधीच काढून टाकलेली. तुकडा धारेबरोबर आत गेला.

आबांना पटेना. "प्लास्टिक तर तरंगतं. वर तरंगणारी पिशवी तळाच्या पाइपाला कशी चिकटेल?" मी दोन बाटल्या घेतल्या, एकीत पाणी, दुसरीत डिझेल, आणि दोन्हींत त्याच तुकड्याच्या कपट्या टाकल्या. पाण्यातली वर राहिली, डिझेलातली हळूहळू बुडली. पॉलिथिनची घनता ०.९२ च्या आसपास, डिझेलची ०.८२ ते ०.८५. पाण्यापेक्षा हलकं असलेलं प्लास्टिक डिझेलपेक्षा जड असतं.

पुढचा उलगडा सोपा होता. तुकडा तळाशी लोळत राहायचा. वेगात, सलग चालताना पंप जास्त डिझेल ओढायचा, आणि ओढीबरोबर तुकडा केव्हातरी पाइपाच्या तोंडावर येऊन बसायचा. बसला की ओढीनेच घट्ट धरला जायचा. गाडी बंद, ओढ बंद, तरी पाइपातली पोकळी हळूहळूच भरायची, आणि अर्ध्या तासात तुकडा सुटून खाली पडायचा. शेडच्या छोट्या खेपांत दर दहा मिनिटांनी गाडी थांबत होती, म्हणून तो कधी चिकटून राहत नव्हता. टाकी भरलेली असताना त्रास का नसायचा, याबद्दल माझा अंदाज असा, की जास्त डिझेलात तुकडा पाइपापासून दूर फिरत राहत असावा.

परिणाम

टाकी धुतली, नवा फिल्टर बसवला, तोंडात जाळी बसवली. पंपाचे चाळीस हजार वाचले. क्रँक सेन्सरचे पैसे मी आबांना परत दिले. जुना सेन्सर नंतर मल्टिमीटरवर तपासला: साध्या हवेत ९०० ओहम, उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरला तर ११०० च्या आत. तांब्याच्या तारेचा विरोध तापल्यावर एवढा वाढतोच. सेन्सर निरोगी होता. ही तपासणी पंधरा मिनिटांची आहे, आणि ती मी बदलण्याआधी केली नव्हती. तो आता आबांच्या गाडीत जादा सुटा भाग म्हणून ठेवलाय.

त्यानंतरचा अख्खा पावसाळा आणि पुढची कापणी गाडी एकदाही बंद पडली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सेन्सरची चूक वर लिहिलीच आहे. पण मला जास्त बोचतं ते हे, की चालक गाडी घेऊन माझ्या दारात उभा असताना मी मालकाशी फोनवर बोलून निदान केलं. गाडीत बसणाऱ्याचं म्हणणं आधी ऐकलं असतं तर "दम सोडते" हे शब्द पहिल्याच दिवशी कानावर आले असते, आणि त्या पोरावर दोन महिने जो ठपका होता तोही लवकर उतरला असता.

दुसरी गोष्ट कोडची. आधीच्या गॅरेजात कोड पुसले गेले नसते, किंवा पुसण्याआधी मोबाइलवर फोटो काढला असता, तर पी-००८७ महिनाभर आधी हाती आला असता. आता माझ्या गॅरेजात फोटोशिवाय कोड पुसत नाहीत.

फिल्टरच्या आधी व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढीचा जोर मोजणारं मीटर, बसवून गाडी चालवायला दिली असती, तर रस्त्यावर इतकी धावपळ न करताही ओढ वाढताना दिसली असती. तेव्हा माझ्याकडे ते गेज नव्हतं, आता आहे. आणि मुरमाऐवजी रिकाम्या गाडीनेही बहुधा जमलं असतं. पहाटेच्या त्या नोंदीत गाडी रिकामीच होती. मी ती नोंद उष्णतेसाठी वाचली, वजनासाठी वाचली नाही.

आबांनी कॅनच्या झाकणाखालची पिशवी काढून रबराचा वायसर बसवलाय. बागेतल्या डिझेल इंजिनाची टाकीही त्यांनी त्याच आठवड्यात उघडून पाहिली. तिच्यात असेच दोन तुकडे निघाले.